रोजच्या पेहरावाचे परिमाण

लग्नसराई ओसरली की आपल्या घरांतील आलमाऱ्या अधिकच दाटतात. जरीच्या साड्या, भरतकामाचे लेहंगे, शेरवान्या आणि आहेरात आलेली न उघडलेली पुडकी एकावर एक रचली जातात. इतके असूनही दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याची वेळ झाली म्हणजे घरातील सून आलमारीसमोर उभी राहून म्हणते, ‘नेसायला काहीच नाही.’ या उद्गारात अतिशयोक्ती असेल, पण तथ्यही आहे. वर्षातील दहा-पंधरा समारंभांसाठी आपण उदंड खरेदी करतो. उरलेल्या साडेतीनशे दिवसांसाठी मात्र विचारपूर्वक असे फारसे काही घेत नाही. रंग उडालेले, मापात न बसणारे किंवा आहेरात आले म्हणून ठेवलेले कपडेच रोजच्या वाट्याला येतात.

वास्तविक रोजचा पेहराव हाच आपला मुख्य पेहराव होय. गिऱ्हाईक आपल्याला त्यातच पाहते, मुले त्यातच पाहतात, देवदर्शनाला आणि प्रवचनाला आपण बहुधा त्यातच जातो. तो सोयीचा असावा आणि पाहणाऱ्यालाही प्रसन्न वाटावा, यासाठी फार पैसा लागत नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: मर्यादा आणि कापडाची पारख. मर्यादेची शिकवण आपल्या धर्माने दिली आहे आणि कापडाची परंपरा आपल्या भंडारा जिल्ह्यातच नांदते आहे.

पडून राहिलेला माल

गोदामात वर्षभर न हललेला माल कितीही स्वस्तात घेतलेला असो, तो महागच पडतो, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. भांडवल अडकते, जागा अडते आणि माल जुना होतो. हाच हिशेब आलमारीला लावून पाहावा. समजा, १२,००० रुपयांची साडी चार वेळा नेसली गेली, तर प्रत्येक नेसण्याचा खर्च ३,००० रुपये झाला. १,२०० रुपयांची चांगली सुती साडी दोन-तीन वर्षांत शंभर वेळा नेसली गेली, तर तोच खर्च १२ रुपये होतो. समारंभाची साडी घ्यावी की घेऊ नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु रोजच्या साडीसाठी ४०० रुपये अधिक मोजताना कचरणारे मन समारंभाच्या साडीसाठी ४,००० रुपये अधिक मोजताना कचरत नाही, हे मात्र व्यापारी बुद्धीला शोभणारे नाही.

दिवाळीत वहीपूजनाच्या सुमारास आपण मालाची मोजदाद करतो. त्याच वेळी आलमारीचीही करावी. प्रत्येक कपड्याला एक साधा दोरा बांधावा आणि तो कपडा वापरला की दोरा सोडावा. पुढे सहा महिन्यांनी ज्यांचा दोरा तसाच आहे, ते कपडे पडून राहिलेला माल समजावेत. त्यांतील काही मापात करून घेता येतील, काही गरजूंच्या उपयोगी पडतील आणि काही कपडे आपण नेमके का घेतले होते, याचा बोध पुढच्या खरेदीला होईल.

अन्न आणि वस्त्र

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात, म्हणजे परिग्रह-परिमाणात, शेत, घर, सोने, धन, धान्य यांबरोबर ‘कुप्य’ही मोजले जाते. आचार्य पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’त कुप्याच्या अर्थामध्ये सुती आणि रेशमी वस्त्रे येतात. श्वेतांबर परंपरेत दररोज धारण करावयाच्या चौदा नियमांत ‘वत्थ’ हा स्वतंत्र नियम आहे: आज किती वस्त्रे वापरीन, याची संख्या आधी ठरवायची. ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आचार्य समंतभद्रांनी भोग आणि उपभोग यांतील भेद सांगितला आहे. एकदा सेवन केले की संपते ते अन्न भोगाचे उदाहरण. पुन्हा पुन्हा वापरता येते ते वस्त्र उपभोगाचे.

हा भेद आज मुद्दाम आठवावा असा आहे. एकदा छायाचित्रात आलेली साडी पुन्हा नेसायची नाही, ही नवी रीत वस्त्राला अन्नाच्या पंक्तीत नेऊन बसवते. वस्त्राचा स्वभावच पुन्हा वापरले जाण्याचा आहे. आणि ज्या घरात कपड्यांची संख्या ठरलेली असते, तेथे निवड आपोआप काटेकोर होते. दहाच कुर्ते ठेवायचे असतील, तर अकरावा घेताना कोणता काढायचा हे आधी ठरवावे लागते. आणि तसे ठरवू लागले की निम्म्या वेळा खरेदीची इच्छाच मावळते.

भंडाऱ्याच्या हवेचे कापड

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो. पावसाळ्यात वैनगंगेच्या खोऱ्यातील हवा दमट होते आणि पौष-माघातील सकाळी गारठा असतो. अशा हवेत दुकानात आठ-दहा तास बसणाऱ्यासाठी सुती कापडासारखे दुसरे सुख नाही. साधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणूनच पॉलिएस्टरचा चकचकीत कुर्ता दुपारी अंगाला चिकटतो आणि सुती कुर्ता घाम टिपून घेतो. ‘जॉर्जेट’, ‘क्रेप’ ही विणीची नावे आहेत, धाग्याची नव्हेत; बाजारातील त्यांचा बराचसा माल पॉलिएस्टरचा असतो.

धाग्याची खात्री करण्याची जुनी रीत कापड दुकानदारांना ठाऊक आहे. दोन-चार सुटे धागे चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख उरते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, तर रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो.

करवतकाठ

भंडारा, मोहाडी, आंधळगाव, पवनी या गावांत कोष्टी विणकरांचा हातमाग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. येथील करवतकाठी साडी विदर्भाची ओळख मानली जाते आणि करवतकाठी साड्या व कापड यांना भौगोलिक मानांकनही लाभले आहे. काठाची आतली कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते, म्हणून हे नाव. अंगाचा धागा वेगळा आणि काठाचा वेगळा; दोन्ही काठांसाठी आणि अंगासाठी स्वतंत्र धोटे चालवून प्रत्येक ओळीत हे धागे एकमेकांत गुंतवावे लागतात. त्यामुळे काठ वेगळा शिवून जोडावा लागत नाही. तो कापडातच जन्मतो.

या साडीकडे पाहताना रोजच्या पेहरावाचे एक सूत्र हाती लागते. अंग अगदी साधे, बहुधा कोशाच्या नैसर्गिक बदामी रंगाचे, आणि काठ ठसठशीत, लाल, जांभळा किंवा गर्द हिरवा. नजर एकाच ठिकाणी ठरते, म्हणून ही साडी भरगच्च नसूनही उठून दिसते. रोजच्या कपड्यांतही हेच करावे. कुर्ता एकरंगी असेल तर ओढणी काठाची घ्यावी. साडी साधी असेल तर पोलक्याला रंग द्यावा. शर्ट चौकड्यांचा असेल तर पँट शांत रंगाची असावी. पेहरावात लक्ष वेधणारी गोष्ट एकच असली म्हणजे पुरे.

हा काठ केवळ रेशमाची मिरास नाही. ‘करवतकाठी धोतर’ हा शब्द मराठीत जुना आहे. विणकराकडे किंवा हातमागाच्या दुकानात गेल्यावर सुती अंगावर असा काठ मिळेल का, अशी विचारणा अवश्य करावी. मागणी नसलेला माल कोणी विणत नाही, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

रेशमाचा प्रश्न

येथे एक अवघड प्रश्न येतो आणि जैन मासिकात तो टाळून चालणार नाही. पूर्व विदर्भाच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसराच्या अळ्या वाढतात आणि कोश विणतात. पतंग बाहेर पडला तर कोशाला भोक पडते आणि सलग धागा निघत नाही. म्हणून आतील जीव उष्णतेने मारून मगच धागा उकलतात. एका साडीमागे असे हजारो कोश लागतात. पाणी गाळून पिणाऱ्या आणि कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या घरांत हेच वस्त्र पवित्र मानून पूजेला नेसले जाते, ही विसंगती समाजातील अनेकांना बोचते.

दुसरीकडे, याच कोशावर आपल्याच जिल्ह्यातील विणकरांची चूल पेटते. यातून निघणारा मार्ग प्रत्येक घराने आपल्या गुरुजनांना विचारून ठरवावा. तथापि दोन पर्याय डोळ्यांसमोर ठेवता येतील. पहिला, त्याच विणकराकडून सुती माल घ्यावा. हात तोच, माग तोच, धागा मात्र निर्दोष. दुसरा पर्याय ‘अहिंसा सिल्क’चा. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडू देऊन मग उरलेल्या कोशांचे सूत कातण्याची रीत रुजवली. तुटक तंतू कातून हा धागा होत असल्याने त्याची चकाकी मंद असते आणि किंमत अधिक.

खरेदी करताना चिन्हांचा अर्थ नीट समजून घ्यावा. २००४ मध्ये सुरू झालेला ‘सिल्क मार्क’ रेशमाच्या शुद्धतेची हमी देतो. जीव वाचला की नाही, याविषयी तो काही सांगत नाही. २००६ मध्ये सुरू झालेला ‘हँडलूम मार्क’ कापड हातमागावर विणल्याचे सांगतो. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कृत्रिम रेशीम. त्यात कोश नसतो, पण रोजच्या उन्हाळ्यात त्याचा सुखद अनुभवही नसतो. हीच चिकित्सा कातडी पट्टे, पाकिटे आणि चपला यांनाही लावावी. कॅनव्हास, ताग आणि रबराचे सुबक पर्याय आज सहज मिळतात.

किती आणि कोणते

दुकानात किंवा कार्यालयात जाणाऱ्या स्त्रीसाठी ५ कुर्ते, ३ सलवारी आणि ३ ओढण्या एकमेकांना जुळतील अशा निवडल्या, तर ४५ वेगवेगळ्या जुळण्या होतात. पुरुषांसाठी ५ शर्ट आणि ३ पँट यांच्या १५ जुळण्या होतात. अट एकच: रंग विखुरलेले नसावेत. निळा, राखाडी, मातकट यांपैकी दोन रंग पायाचे धरावेत आणि एक रंग खुलवणारा असावा. साडी नेसणाऱ्यांनी सहा साड्यांसाठी तीन पोलकी अशी निवडावीत की प्रत्येक पोलके किमान दोन साड्यांवर शोभेल. धान्य, किराणा किंवा भांड्यांचे दुकान असल्यास शुभ्र रंगापेक्षा मध्यम छटा बऱ्या. धूळ आणि हळदीचे डाग त्यात लपतात. पूजेची वस्त्रे या गणतीत धरू नयेत. ती स्वच्छ आणि वेगळीच असावीत.

आणि शिंप्याला विसरू नये. खांद्यावर नीट बसलेला साधा कुर्ता ढगळ महागड्या कुर्त्याहून अधिक शोभतो. नवा कपडा घेण्याआधी जुन्या दोन कपड्यांची दुरुस्ती करून पाहावी. विरलेल्या साडीचा काठ बहुधा अंगापेक्षा अधिक टिकतो; तो काढून साध्या ओढणीला लावल्यास आजीच्या साडीची आठवण नातीच्या खांद्यावर येते.

निगा

आपला जिल्हा भाताचा. सुती साडीला खळ देण्यासाठी पेजेइतकी सोपी वस्तू नाही. पेज गाळून, पाण्यात पातळ करून त्यात साडी बुडवावी आणि सावलीत वाळवावी. रंगीत सुती कपडे पहिल्या काही धुण्यांत वेगळे धुवावेत आणि उलटे करून वाळत घालावेत. खळ दिलेले कपडे पावसाळ्यात फार दिवस घडी घालून ठेवू नयेत.

कसर लागू नये म्हणून आपण डांबराच्या गोळ्या टाकतो. त्या किड्यांसाठी विषच असतात. महिन्यातून एकदा कपडे उलगडून हवेवर टाकणे, घड्या बदलणे आणि आलमारी कोरडी ठेवणे हा अधिक अहिंसक उपाय. मोजकेच कपडे असतील आणि ते सतत वापरात फिरत असतील, तर कसरीला आसरा मिळतच नाही.

आषाढात चातुर्मास सुरू झाला म्हणजे घरोघरी नियम घेतले जातात. कोणी हिरव्या भाज्या सोडते, कोणी रात्रीचे पाणी. यंदा त्यांत एका नियमाची भर घालून पाहावी: चार महिने नवे वस्त्र घ्यायचे नाही, आहे त्यातूनच रोज नीटनेटके दिसायचे. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत कोणते कपडे खरोखर कामी आले आणि कोणत्या एका-दोन वस्त्रांची खरी उणीव भासली, हे स्पष्ट होईल. मग तेवढ्यांचीच यादी घेऊन मोहाडी किंवा आंधळगावच्या विणकराकडे जावे आणि हातात धरून, पारखून, सुताचे कापड घरी आणावे.