बोरीवली ते सावंतवाडी विमानाने: अंतर अर्ध्या तासाचं, मग तिकिटावर सव्वा तास का?

बोरीवली-दहिसरमध्ये राहणाऱ्या अनेकांचं गाव सिंधुदुर्गात आहे. ५ जानेवारी २०२३ पासून गोव्याच्या मोपा विमानतळावर विमानं उतरू लागली आणि सावंतवाडीला जायचा एक नवा पर्याय मिळाला. पण ॲपवर 'मुंबई–मोपा, १ तास २० मिनिटं' बघून घरी "दोन तासांत पोचतो" असं कळवू नका. का ते पाहूया.

हवाई अंतर कसं मोजतात?

दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर काढतात. मुंबई ते मोपा ते साधारण ३८५ किमी भरतं, म्हणजे सुमारे २०८ नॉटिकल मैल (१ नॉटिकल मैल = १.८५२ किमी). गुगल मॅप्समध्ये विमानतळावर बोट दाबून धरा आणि 'मेझर डिस्टन्स' निवडा, तुम्हालाही हे अंतर मोजता येईल.

मग वेळ जास्त का?

जेट विमान उंचावर ताशी ८०० किमीच्या आसपास उडतं. या हिशोबाने ३८५ किमीला २९ मिनिटं पुरायला हवीत! पण तिकिटावर उडायची वेळ नसतेच. विमान गेटवरून हलतं तिथपासून दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतची वेळ असते. त्यात हे सगळं येतं:

- रनवेपर्यंत जाणं आणि रांग. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत.
- चढताना आणि उतरताना कमी वेग. छोट्या प्रवासात बराच वेळ यातच जातो.
- ठरलेले हवाई मार्ग. विमान अगदी सरळ रेषेत जात नाही.
- उशीर झाला तर म्हणून धरलेली थोडी जास्तीची वेळ.

घर ते घर हिशोब

- बोरीवली ते टर्मिनल: १ तास १५ मिनिटं
- काउंटर, सिक्युरिटी, गेट: १ तास ३० मिनिटं
- विमान: १ तास २० मिनिटं
- सामान मिळेपर्यंत: ३० मिनिटं
- मोपा ते सावंतवाडी: ४५ मिनिटं

एकूण ५ तास २० मिनिटं! रस्त्याने जवळपास ५०० किमी जाण्यापेक्षा हे नक्कीच कमी आहे, पण दोन तास नाही. हायवेला ट्रॅफिक असेल तर मेट्रो ७ ने गुंदवली, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि पुढे मेट्रो ३ ने टी-२ गाठता येतं.

बुकिंग करताना दोन गोष्टी तपासा

१. कोड: मोपाचा जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. दाबोळी झुआरी नदीच्या पलीकडे आहे. चुकून तिथलं तिकीट काढलंत, तर वाचवलेला वेळ टॅक्सीतच जाईल.

२. टर्मिनल: टी-१ की टी-२, हे तिकिटावर बघा. काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो.

जाता जाता एक गंमत: फोनचं जीपीएस फक्त सिग्नल घेतं, पाठवत नाही. त्यामुळे फ्लाइट मोडमध्येही ते चालतं. ऑफलाइन मॅप आधी डाउनलोड करा, खिडकीजवळ बसा आणि स्वतःच बघा, पूर्ण वेगात विमान किती मिनिटं उडतं ते!