बंद खोलीतील विरळ हवा

१९६८ साली मेक्सिको सिटीत भरलेल्या ऑलिम्पिकने समुद्रसपाटीपासूनची उंची हा क्रीडाशास्त्राच्या अभ्यासाचा विषय बनवला. २,२४० मीटर उंचीवरच्या त्या मैदानात बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारून आधीचा जागतिक विक्रम तब्बल ५५ सेंटिमीटरने मागे टाकला. तिथेच १०,००० मीटरची शर्यत केनियाच्या नफ्ताली टेमूने २९ मिनिटे २७.४ सेकंदांत, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून अधिक वेळ घेऊन जिंकली, आणि तो विक्रम ज्याच्या नावावर होता तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा येऊन अंतिम रेषेपाशी कोसळला. हवेचा अवरोध कमी असल्याने उड्या मारणाऱ्यांचे आणि कमी अंतर धावणाऱ्यांचे फावले, तर ज्यांची सारी भिस्त दमसासावर होती त्यांना तीच हवा अपुरी पडली. लांब पल्ल्याची पदके प्रामुख्याने केनिया आणि इथिओपियाच्या पठारांवर वाढलेल्या धावपटूंनी नेली, हेही इतर देशांच्या प्रशिक्षकांच्या नजरेतून सुटले नाही.

डोंगरावरील हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २०.९ टक्केच असते. घटतो तो हवेचा एकूण दाब, आणि त्याबरोबर ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातील एकट्या ऑक्सिजनचा वाटा. उंचीवर माणसाला त्रास होतो तो हा वाटा घटल्यामुळे, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाबकोठीतील प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले, आणि कृत्रिम उंचीची सारी यंत्रणा या एका निष्कर्षावर उभी आहे. वाटा घटला की मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन, अर्थात ईपीओ, हे संप्रेरक अधिक स्रवते, त्याच्या प्रभावाने अस्थिमज्जेत तांबड्या रक्तपेशी वाढतात, आणि शरीरात लोहाचा साठा पुरेसा असेल तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमताही वाढते.

हा वाटा दोन प्रकारे घटवता येतो. पहिला प्रकार दाबच कमी करण्याचा. पूर्व जर्मनीने बर्लिनजवळच्या कीनबाउम येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस जमिनीखाली अशी दालने उभारली आणि ४,००० मीटरपर्यंतच्या उंचीची हवा तिथे गुपचूप निर्माण केली. मात्र आतला दाब कमी ठेवायचा म्हणजे भिंती भक्कम आणि दारे हवाबंद हवीत, आत-बाहेर करताना दाब हळूहळू बदलायला हवा. सरकारी तिजोरी पाठीशी असल्याखेरीज हे परवडणारे नव्हते. दुसरा प्रकार १९९० च्या दशकाच्या प्रारंभी फिनलंडमध्ये हाइक्की रुस्को यांनी पुढे आणला. त्यात दाब तसाच ठेवून खोलीत जादा नायट्रोजन मिसळतात. ऑक्सिजन साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास आला की सुमारे २,५०० मीटर उंचीवर असल्यासारखी स्थिती होते. पलंगावर उभारायचे तंबू याच तत्त्वावर चालतात: बाहेरचे यंत्र हवेतील ऑक्सिजन कमी करून उरलेली हवा नळीने सतत आत सोडते. यंत्राची घरघर, आतला उकाडा आणि साचणारा कार्बन डायऑक्साइड यांमुळे झोपमोड होते, आणि दमलेल्या खेळाडूची झोपमोड हा काही किरकोळ तोटा नव्हे.

खोली झोपण्यापुरतीच का, याचे उत्तर बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गुंडरसन यांच्या १९९७ च्या अभ्यासात मिळते. विरळ हवेत पूर्ण वेगाने धावता येत नाही, त्यामुळे सरावच सौम्य होतो. म्हणून त्यांनी धावपटूंच्या एका गटाला २,५०० मीटरवर राहायला आणि १,२५० मीटरवर सरावाला पाठवले. चार आठवड्यांनी ५,००० मीटरची वेळ सुधारली ती याच गटाची. मात्र आपण डोंगरावर आहोत हे डोंगरावरच्या माणसापासून लपवता येत नाही, आणि नव्या उपचारावरील विश्वासानेही वेळ सुधारू शकते. ही शंका तपासण्याची सोय नकली उंचीतच आहे, हा तिचा खरा गुण म्हणायला हवा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ सायकलपटूंना रोज १६ तास, चार आठवडे खोल्यांत ठेवले. काहींच्या खोलीत ३,००० मीटरची हवा होती, काहींच्या साधी, आणि कोणाची कोणती हे ना खेळाडूंना माहीत होते ना मोजमाप घेणाऱ्यांना. विरळ हवेतल्यांना कोणताही अधिक लाभ झाला नाही. सोळा ही संख्या तोकडी आहे हा आक्षेप खरा, पण तितक्या काटेकोरपणे केलेल्या चाचण्या मुळातच थोड्या आहेत.

दरम्यान, ईपीओ टोचून घेणे गुन्हा, तर तेच यंत्राच्या साहाय्याने वाढवणे योग्य कसे, हा प्रश्न २००६ साली जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेपुढे आला. नीतिविषयक समितीने प्रतिकूल मत देऊनही संस्थेने बंदी घातली नाही.

महाराष्ट्रात कळसूबाईचे शिखरही १,६४६ मीटरच, म्हणजे मेक्सिको सिटीपेक्षा बरेच खाली. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे २०२२ च्या मोसमात अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे सरावाला गेला, ते अशाच उंचीच्या शोधात. ज्यांना तसे जाणे शक्य नाही त्यांना तंबूचा मोह पडणे स्वाभाविक असले, तरी तासांचा हिशेब आधी मांडावा. २०१३ च्या एका संकलित विश्लेषणानुसार शरीरातील एकूण हिमोग्लोबिन विरळ हवेतील दर १०० तासांमागे सुमारे १.१ टक्के वाढते. पण १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात खेळाडू २३ रात्री, रोज आठ ते दहा तास, ३,००० मीटरच्या हवेत झोपले आणि त्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये वाढ आढळली नाही. दिवसभर नोकरी करून रात्री तंबूत शिरणाऱ्या धावपटूच्या वाट्याला तेवढेच तास येतात.