विश्लेषण : चीनमधला वसंत आणि पासपोर्टचा क्रमांक… परदेशी रहिवाशांची सहल नेमकी कुठे अडते?

मार्चच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जवळपास सगळा चीन घराबाहेर असतो. चेरीचा बहर, पिवळीधमक शेते, नवा चहा, पतंग आणि पूर्वजांच्या समाधींची साफसफाई हे सारे याच सहा-सात आठवड्यांत येते. नोकरी, शिक्षण किंवा व्यापारासाठी तिथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही या गर्दीत सामील व्हायचे असते. पण बागेच्या फाटकापासून रेल्वे स्थानकापर्यंत सगळीकडे आधी ओळख विचारली जाते. ही सारी व्यवस्था ज्या १८ अंकी राष्ट्रीय ओळख क्रमांकावर उभी आहे, तो त्याच्याकडे नसतो. गेल्या काही वर्षांत नियम बरेच सैल झाले आहेत. तरीही सहल अडायची ती याच क्रमांकापाशी अडते.

वसंताची चाहूल कशी लागते?

बीजिंगमध्ये फुलांच्याही आधी वसंताची चाहूल देतात ते घरातले हीटर. शहराची सामायिक उष्णता व्यवस्था १५ नोव्हेंबरला सुरू होते आणि १५ मार्चला बंद होते. त्यानंतरचे काही दिवस घरात कुडकुडायला होते आणि बाहेर उन्हात बरे वाटते. यांगत्से नदीच्या दक्षिणेला ही सामायिक व्यवस्था नाहीच. तिथे हिवाळा घरात स्वेटर घालून काढलेला असतो, त्यामुळे पहिल्या उबदार रविवारी बागा ओसंडून वाहतात.

उत्तरेतला वसंत मात्र छोटा आणि लहरी. एप्रिलमध्ये पॉपलर आणि विलोच्या झाडांचा पांढरा कापूस हवेत तरंगू लागतो, डोळे चुरचुरतात, शिंका थांबत नाहीत. गोबी वाळवंटाकडून धूळ येते ती वेगळीच. एप्रिल २०२५ मध्ये तर बीजिंगमध्ये इतका जोरदार वारा सुटला की शेकडो विमाने रद्द झाली, उद्याने बंद ठेवावी लागली आणि ५० किलोंपेक्षा कमी वजनाच्या लोकांनी जपावे, असा इशारा तिथल्या माध्यमांनी दिला. समाजमाध्यमांवर त्याचे विनोद झाले, पण ज्यांनी त्या शनिवारची तिकिटे काढली होती त्यांची सहल बुडाली ती बुडालीच.

छिंगमिंगचा दिवस शोकाचा की सहलीचा?

दोन्हींचा. ‘छिंगमिंग’ हा चिनी पंचांगातल्या २४ सौर पर्वांपैकी पाचवा. वसंत संपातानंतर साधारण १५ दिवसांनी, म्हणजे ४ किंवा ५ एप्रिलला तो येतो. या २४ पर्वांच्या परंपरेला युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. सकाळी कुटुंबे पूर्वजांच्या समाधीवर जातात, तण काढतात, झाडलोट करतात, फुले आणि खाद्यपदार्थ ठेवतात. आपल्याकडच्या पितृपक्षाशी त्याचे नाते पटकन जुळते. फरक इतकाच की पितृपक्षात आपण नव्या, आनंदाच्या गोष्टी टाळतो. तिथे समाधीवरून निघालेले कुटुंब थेट टेकडीवर पतंग उडवायला जाते. या भटकंतीला ‘था-छिंग’ म्हणतात. शब्दशः अर्थ, कोवळ्या हिरवळीवर पावले टाकणे.

या दिवसाला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती २००८ पासून. शांघाय, हांगझौ, सुझौ या पट्ट्यात तेव्हा ‘छिंग-थ्वान’ मिळतात. चिकट तांदळाच्या पिठात रानभाजीचा हिरवा रस मळून केलेले हे वाफवलेले गोळे आपल्या उकडीच्या मोदकांच्या दूरच्या नात्यातले वाटतात. मात्र आत नेहमी गोड लाल चवळीसारखे सारणच असेल असे नाही. खारवलेल्या अंड्याचे बलक आणि डुकराचे मांस भरलेले गोळेही तितकेच खपतात. शाकाहारी माणसाने आधी विचारावे, मग घास घ्यावा.

मराठी वाचकाचा या दिवसाशी एक थेट धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांची समाधी हपै प्रांतातील शिजियाच्वांग शहरात, हुतात्म्यांच्या दफनभूमीत आहे. छिंगमिंगच्या सुमारास चिनी लोक तिथे फुले वाहतात. बीजिंगहून वेगवान रेल्वेने हे शहर दीड तासाच्या आत गाठता येते.

फुले बघायलाही नाव नोंदवावे का लागते?

गर्दी आवरण्यासाठी, आणि कोण कुठे गेले याची नोंद राहावी म्हणूनही. बीजिंगमधल्या राजवाडा संग्रहालयात, म्हणजे ‘फॉरबिडन सिटी’त, दिवसाला सुमारे ४० हजारच लोकांना सोडतात. तिकिटे सात दिवस आधी खुली होतात, ती खऱ्या नावावर आणि ओळखपत्राच्या क्रमांकावरच मिळतात. सोमवारी संग्रहालय बंद असते. वुहान विद्यापीठातही चेरीच्या बहरात ऑनलाइन नोंदणी केल्याशिवाय बाहेरच्यांना प्रवेश नाही.

या चेरीला इतिहासाचे ओझेही आहे. वुहान विद्यापीठातली पहिली झाडे १९३९ मध्ये, जपानी लष्कराच्या ताब्यात शहर असताना लावली गेली. नंतरची काही झाडे १९७२ मध्ये चीन-जपान संबंध पूर्ववत झाल्यावर भेट म्हणून आली. बीजिंगच्या युयुआनथान उद्यानातल्या चेरीची सुरुवातही त्याच भेटीतून झाली. म्हणून दरवर्षी बहर आला की तिथे जपानी किमोनो घालून फोटो काढावेत की नाही, यावर वाद झडतो. परदेशी पाहुण्याने या वादात न पडलेले बरे.

नोंदणीची खरी अडचण तांत्रिक आहे. बहुतेक ठिकाणची नोंदणी ‘वीचॅट’मधल्या छोट्या उपअ‍ॅपवर होते आणि अनेक ठिकाणी ती फक्त चिनी भाषेत असते. काही अर्जांत पासपोर्टचा पर्यायच नसतो. असला, तरी नाव पासपोर्टवर आहे तसेच्या तसे भरावे लागते. चिनी नावे साधारण दोन-तीन अक्षरांत संपतात. महाराष्ट्रातल्या अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि मग आडनाव असते. तिकिटावर मधले नाव गळले किंवा क्रम उलटला, तर पडताळणी फसते. मग फाटकावर कर्मचाऱ्याला पासपोर्ट दाखवून समजावणे हाच मार्ग उरतो. तिथली माणसे बहुधा मदतच करतात. अडते ते यंत्र.

अर्थात सगळीकडे कुंपण नाही. हांगझौच्या पश्चिम सरोवराला तिकीट नाही. काठाने कितीही चालावे, मागच्या टेकड्यांवर लुंगजिंग चहाची खुडणी पाहावी. छिंगमिंगच्या आधी खुडलेली कोवळी पाने सर्वात महाग विकली जातात. ज्यांगशी प्रांतातले वुयुआन आणि युन्नानमधले लुओफिंग इथली मोहरीच्या कुळातल्या रेपसीडची शेते, हनान प्रांतातल्या लुओयांगचा एप्रिलमधला पिओनी महोत्सव, ही आणखी काही नेहमीची ठिकाणे.

रोकड चालत नाही म्हणतात, मग पैसे कसे द्यायचे?

रोकड नाकारणे चीनमध्ये बेकायदा आहे, पण भाजीवाल्याकडे सुटे असतीलच असे नाही. सगळा व्यवहार ‘अलीपे’ आणि ‘वीचॅट’च्या क्यूआर कोडवर चालतो. पूर्वी त्यासाठी चिनी बँकखाते जवळपास अनिवार्य होते. २०२३ पासून परदेशी व्हिसा, मास्टरकार्ड जोडण्याची सोय वाढवण्यात आली. २०२४ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा एक हजार डॉलरवरून पाच हजार आणि वर्षाची १० हजारांवरून ५० हजार डॉलर झाली. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, त्यापुढे साधारण तीन टक्के लागतात. म्हणजे छिंग-थ्वान आणि बसचे भाडे फुकटात भागते, हॉटेलच्या बिलाला मात्र कात्री लागते. तिथे राहणारे म्हणूनच स्थानिक बँकखाते उघडतात.

रेल्वे आणि मुक्कामाचे नियम काय?

वेगवान रेल्वेचे आरक्षण ‘१२३०६’ या सरकारी संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर १५ दिवस आधी खुले होते. परदेशी प्रवाशाच्या पासपोर्टची आधी पडताळणी होते. कागदी तिकीट लागत नाही, ओळखपत्र हेच तिकीट. चिनी प्रवासी कार्ड टेकवून पुढे जातो. परदेशी माणसाला बऱ्याच स्थानकांवर कडेच्या, कर्मचारी असलेल्या मार्गिकेतून जावे लागते. सुट्टीच्या दिवशी या फरकाची किंमत १०-१५ मिनिटे असू शकते. तेवढे लवकर निघावे.

सुट्टीचे गणितही नीट पाहायला हवे. छिंगमिंगची सुट्टी तीन दिवसांची, १ मेची पाच दिवसांची. पण लांब सुट्टी जुळवण्यासाठी अनेकदा आजूबाजूचा शनिवार किंवा रविवार कामाचा दिवस जाहीर होतो. परदेशी शिक्षकांपासून अभियंत्यांपर्यंत सगळ्यांनाच तो भरावा लागतो आणि त्याबद्दल चिनी सहकारीही तितकीच कुरकुर करतात.

मुक्कामाचा नियम सर्वात कडक. २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, हॉटेलबाहेर कुठेही राहिल्यास २४ तासांत स्थानिक पोलिसांकडे नोंद करावी लागते. न केल्यास दोन हजार युआनपर्यंत दंड होऊ शकतो. हॉटेल ही नोंद स्वतः करते. मित्राच्या गावी, त्याच्या आजीच्या घरी दोन रात्री काढायच्या असतील, तर आधी पोलीस ठाणे गाठायचे. छोटी हॉटेले परदेशी नोंदणीची कटकट नको म्हणून वर्षानुवर्षे ‘इथे परदेशी पाहुणे चालत नाहीत’ असे सांगत. परवाना नाही या कारणाने हॉटेलांनी परदेशी पाहुण्यांना नाकारू नये, असे केंद्रीय खात्यांनी २०२४ मध्ये बजावले. मोठ्या शहरांत फरक पडला. तालुक्याच्या गावी मात्र रात्री पोहोचण्याआधी फोन करून विचारलेले शहाणपणाचे.

आणि एका वसंताचे दार तर कायद्यानेच बंद असते. तिबेटमधल्या न्यिंगची इथे मार्च-एप्रिलमध्ये बर्फाच्छादित शिखरांखाली पीचची झाडे बहरतात. चिनी पर्यटक तिथे लोटतात. परदेशी नागरिकाला मात्र तिबेटसाठी वेगळा परवाना आणि पर्यटन संस्थेमार्फत आखलेला दौरा लागतो, आणि साधारण फेब्रुवारीअखेरपासून मार्चअखेरपर्यंत हे परवाने दिलेच जात नाहीत.

भारतीयांसाठी काय वेगळे आहे?

२०२० च्या जनगणनेनुसार चीनच्या मुख्य भूमीवर ८ लाख ४५ हजार ६९७ परदेशी नागरिक राहत होते. १४१ कोटींच्या देशात हे प्रमाण नगण्य, त्यामुळे कोणतीही व्यवस्था आधी त्यांचा विचार करून बनत नाही. डिसेंबर २०२३ पासून परदेशी कायम रहिवाशांना १८ अंकी क्रमांकाचे नवे कार्ड मिळू लागले. रेल्वेच्या फाटकापासून बँकेपर्यंत ते चिनी ओळखपत्रासारखे चालावे हा हेतू. पण कायम वास्तव्याचा दर्जा फार थोड्यांना मिळतो. सरकारने गेल्या दोन-तीन वर्षांत दिलेल्या बहुतेक सवलती चार दिवसांच्या पर्यटकाला डोळ्यांसमोर ठेवून आहेत. वर्षानुवर्षे तिथे कर भरणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्या मानाने कमी आले, हे नोंदवायला हवे.

अनेक देशांच्या नागरिकांना चीनने व्हिसामाफी दिली, ट्रान्झिटमध्ये २४० तास फिरण्याची मुभा दिली. या दोन्ही याद्यांत भारत नाही. म्हणून शिकणाऱ्या मुलाला वसंतात भेटायला जायचे तर आई-वडिलांना आधी व्हिसा काढावा लागतो. थेट विमाने तरी ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाली. करोनाकाळात मायदेशी अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना परतीचा व्हिसा मिळायला ऑगस्ट २०२२ उजाडला होता, हे आठवले तर हा बदल लहान नाही.

घरी फोटो पाठवणे हीदेखील एक कसरत आहे. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप, गुगल, इन्स्टाग्राम चालत नाहीत, आणि भारताने जून २०२० मध्ये ज्या ५९ अ‍ॅपवर बंदी घातली त्यात वीचॅट होते. मुलाच्या हातातले अ‍ॅप आईकडे नाही आणि आईचे मुलाकडे नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर व्हॉट्सअ‍ॅप चालते, कारण तो डेटा परदेशातून फिरून येतो. पण महिनोन्महिने ते परवडत नाही. गुगलचा नकाशा उघडला, तरी चीनने सक्तीची केलेली वेगळी निर्देशांक पद्धत त्याला गोंधळात टाकते. आपण उभे असतो बागेत आणि ठिपका दाखवतो काहीशे मीटर दूरच्या तळ्यात. तिथे ‘आमॅप’ किंवा ‘बायडू’चे नकाशेच खरे.

लांबच्या मुक्कामाला गेलेल्यांनी एक तारीख आधीच पाहून ठेवावी, ती पासपोर्टच्या मुदतीची. भारतीय पासपोर्टचे नूतनीकरण झाले की क्रमांक बदलतो. सिम कार्ड, बँकखाते, अलीपे, वीचॅट, १२३०६, निवास परवाना, सारे जुन्या क्रमांकावर बांधलेले असते. एकेका खिडकीवर जाऊन, दोन्ही पासपोर्ट दाखवून ते बदलून घ्यावे लागते, आणि तोपर्यंत कुठले खाते कधी अडेल याचा नेम नसतो. हे काम शक्यतो नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत उरकावे. मार्चमध्ये हाती घेतले, तर चेरीचा बहर जेमतेम १० दिवस टिकतो.