अलिप्त राष्ट्रांचें सख्य आणि गोमंतकाचा प्रश्न

मुळशीच्या धरणाखालीं बुडणाऱ्या जमिनींसाठीं १९२१ सालीं जो सत्याग्रह सुरू झाला, त्याचें पुढारीपण करतां करतां पांडुरंग महादेव बापट हे ‘सेनापति’ झाले, हें पुण्याच्या घराघरांतून ठाऊक आहे. हेच सेनापति वयाचीं ७४ वर्षें उलटल्यावर १८ मे १९५५ रोजीं ना. ग. गोरे यांच्यासह गोमंतकाच्या हद्दींत शिरले. गोवा विमोचन साहाय्यक समितीनें धाडलेली ती पहिली तुकडी होती. त्याच्या आदल्याच महिन्यांत इंडोनेशियांत बांडुंग येथें आशिया व आफ्रिका खंडांतील २९ राष्ट्रें एकत्र बसलीं होतीं. मुळशीच्या वृद्ध सेनापतीचा आणि त्या दूरच्या परिषदेचा संबंध काय, असें कोणी विचारील. पण गोव्याच्या प्रश्नांत या दोन वाटा पुढें एकमेकींस मिळाल्या.

पोर्तुगालचा दावा असा कीं, गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच एक प्रांत आहे. पोर्तुगाल १९४९ पासून नाटो संघटनेचा सभासद. तेव्हां पाश्चात्य राष्ट्रें त्याला फारसें दटावतील ही आशाच नव्हती. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, कित्येक मृत्युमुखीं पडले, तरीहि पंडित नेहरूंनीं सैन्य धाडलें नाहीं. महाराष्ट्रांत त्याचा संताप झाला, आणि तो अनाठायीं होता असें म्हणवत नाहीं.

मात्र त्या सहा वर्षांत दुसरीकडे पेरणी चालूच होती. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यासाठीं जानेवारी १९४९ मध्यें दिल्लींत परिषद भरली होती. १९५६ सालीं सुएझवरून इजिप्तवर हल्ला झाला तेव्हां भारत इजिप्तच्या बाजूनें उभा राहिला. परराष्ट्रांशीं सख्य जोडणें म्हणजे केवळ वकिलाती उघडणें व मेजवान्या झोडणें नव्हे. दुसऱ्याच्या अडचणींत घेतलेली बाजूच पुढें उपयोगी पडते. १९६० सालीं आफ्रिकेंतील अनेक देश स्वतंत्र झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा रंगच पालटला. १५ डिसेंबर १९६० च्या ठरावानें गोव्यासह पोर्तुगालचे सारे परकीय मुलूख ‘स्वराज्य नसलेले प्रदेश’ ठरले. ‘प्रांत’ हा शब्द तेथेंच लंगडा पडला.

सप्टेंबर १९६१ मध्यें बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. ऑक्टोबरांत दिल्लींत पोर्तुगीज वसाहतींविषयीं चर्चासत्र झालें. केनेथ कौंडा व इतर आफ्रिकी पुढारी आले. भारताच्या सबुरीनें आफ्रिकेंतील पोर्तुगीज सत्तेचें फावतें, असा त्यांचा सूर होता. म्हणजे ज्या मित्रांसाठीं संयम पाळला, तेच आतां संयम सोडा म्हणूं लागले!

१८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यांत शिरलें. त्याच दिवशीं सुरक्षा समिति बसली. भारतानें सैन्य मागें घ्यावें या ठरावास ११ पैकीं सात मतें पडलीं, विरुद्ध चार: रशिया, सिलोन, संयुक्त अरब प्रजासत्ताक आणि लायबेरिया. ठराव पडला तो रशियाच्या नकाराधिकारानें, हें खरें. पण उरलेलीं तीन मतें नसतीं तर गोव्याचा प्रश्न रशिया-अमेरिकेच्या भांडणांतील एक प्रकरण म्हणून गणला गेला असता. त्यांतहि लायबेरियाचें मत विशेष. हा देश अमेरिकेचा स्नेही, बेलग्रेडलाहि नव्हता. पण अंगोलाचा प्रश्न त्याच वर्षीं त्यानेंच सुरक्षा समितीपुढें नेला होता. दुसऱ्या दिवशीं गोवा मुक्त झाला.

या सख्याची सीमाहि लवकरच दिसली. ऑक्टोबर १९६२ मध्यें चीननें भारतावर हल्ला केला. डिसेंबरांत कोलंबोस सहा अलिप्त राष्ट्रें जमलीं. त्यांत सिलोन व संयुक्त अरब प्रजासत्ताक हे दोघेहि होते. त्यांनीं तडजोडीच्या सूचना तयार केल्या; चीनला आक्रमक मात्र म्हटलें नाहीं.