बिऱ्हाडाच्या हिशेबातील मांजर

बदली, भाडेकराराची मुदत किंवा इमारतीचा पुनर्विकास या कारणांनी शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबावर घर बदलण्याची वेळ वारंवार येते. टेम्पोचे भाडे, हमालांची मजुरी, घरमालकाकडील अनामत यांचा हिशेब काटेकोरपणे मांडला जातो. घरात पाळलेले मांजर असेल, तर त्याला सोसावी लागणारी किंमत मात्र कोणत्याच रकान्यात येत नाही. ती आपण थोड्या सवडीच्या रूपाने भरली नाही, तर प्रसंगी मांजराला ती जिवानिशी भरावी लागते.

कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. मांजराच्या गालांवर व पंजांत गंधग्रंथी असतात. दाराची चौकट, खुर्चीचा पाय यांना अंग घासून ते आपल्या मुलखावर वासाची मोहोर उमटवीत असते. नवे घर आपणांस कितीही प्रशस्त वाटो. ही मोहोर नसल्यामुळे मांजराला ते परकेच असते. बुजलेले मांजर उघड्या दारातून निसटते आणि जुने घर जवळ असल्यास तिकडे धाव घेते. वाटेत रहदारीचा रस्ता असतो.

म्हणून पहिल्याच दिवशी त्याला सारे घर मोकळे करून देणे हे औदार्य नव्हे, अविचार होय. सामान हलविताना त्याला एका खोलीत बंद ठेवावे व झाकणाच्या पेटीतूनच न्यावे. नव्या जागी एक शांत खोली त्याच्यासाठी राखावी. तेथे त्याचे जुने, न धुतलेले अंथरूण, अन्नपाणी, त्यापासून दूर मातीचे तबक आणि लपण्यासाठी पुठ्ठ्याचे खोके असावे. खोक्यातून त्याला ओढून काढू नये. ते नीट खाऊपिऊ लागले की एकेक खोली उघडावी. बाहेर हिंडण्याची सवय असलेल्या मांजरालाही निदान दोन-तीन आठवडे दाराबाहेर सोडू नये. दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्याला दाखवावे. उपासाने मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात मेद साचतो.

आणखी दोन गोष्टी. नवी जागा फिनेलने धुण्याची आपली रीत मांजराला घातक आहे. पंजांना लागलेले फिनेल ते चाटते आणि त्याच्या यकृताला ते पचविता येत नाही. दुसरी गोष्ट खिडक्यांची. मांजर नेहमी पायांवरच पडते, या समजुतीवर विसंबून राहू नये. न्यूयॉर्कमधील एका पशुरुग्णालयाच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ पाच महिन्यांत उंचावरून पडून दाखल झालेल्या १३२ मांजरांची नोंद आहे. तळमजल्यावरून आठव्या मजल्यावर जाणाऱ्याने आधी जाळी बसवावी, मग मांजर न्यावे.

मांजर स्वतःच पिल्लांना सात घरे फिरविते, मग त्याचे एवढे कौतुक कशाला, असा प्रश्न कोणी करील. परंतु ती घरे मांजरीने स्वतः हेरलेली असतात. आपल्या स्थलांतरात तिचे मत कोणी विचारीत नाही. जेथे निवड एकाची आणि झळ दुसऱ्याला, तेथे निवड करणाऱ्याची जबाबदारी वाढते.

ही जबाबदारी टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे मांजर जुन्या इमारतीतच सोडून जाणे. उपासमार वा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणाविना टाकून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. पण कायद्याचे राहू द्या. वर्षानुवर्षे आपल्या उंबऱ्याच्या आत वाढलेल्या जिवाला बाहेरच्या जगात पोट भरण्याची विद्या आपणच शिकू दिलेली नसते. त्याच्यासाठी दोन-तीन आठवड्यांची सवड आणि एक खोली, एवढा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात बसण्याजोगा आहे.