पायांवर चालणारी पेठ

कॅनडात टोरांटोला आपली पुष्कळ मराठी मंडळी स्थायिक आहेत. त्यांच्याकडे हिवाळ्यात गेलेल्या आईवडिलांना हमखास दाखवतात ती जमिनीखालची पेठ. वर गगनचुंबी इमारती, रस्त्यावर बर्फ. आणि खाली लोक स्वेटरही न घालता खरेदी करत हिंडताहेत! तीस किलोमीटरहून लांब वाटा, सुमारे बाराशे दुकाने आणि त्यांना जोडलेल्या पंचाहत्तरहून अधिक इमारती, असा तिचा पसारा.

गंमत अशी, की हे नगर कोणी एकदम वसवले नाही. १९०० साली ईटन नावाच्या बड्या दुकानदाराने आपल्या दोन दुकानांमध्ये भुयार काढले. पुढे युनियन स्टेशन १९२७ मध्ये सुरू झाले, समोर रॉयल यॉर्क हॉटेल उभे राहिले आणि तीही दोघे भुयाराने जोडली गेली. खरा जोर आला तो १९६० नंतर. रस्त्यांवरचे पदपथ गर्दीला अपुरे पडू लागले, तेव्हा मॅथ्यू लॉसन या नगररचनाकाराने बिल्डरांना तळघरात बाजार काढायला राजी केले. १९६७ मध्ये मीस व्हॅन डर रोह या विख्यात वास्तुशिल्पकाराचा, एका बँकेच्या नावाचा काळा मनोरा उभा राहिला. वरचा चौक मोकळा राहावा म्हणून दुकाने खाली गेली. मग शेजाऱ्याचे पाहून शेजारी, असे एकेक तळघर जोडले गेले.

पण घर एक नि मालक अनेक! सुमारे पस्तीस कंपन्या आपापला तुकडा सांभाळतात. माणूस आत शिरला की चकवा लागल्यासारखा फिरे. अखेर १९८८ च्या सुमारास साऱ्या वाटांना 'पाथ' हे एकच नाव मिळाले. त्याच्या इंग्रजी अक्षरांना रंग दिले: लाल दक्षिणेचा, नारिंगी पश्चिमेचा, निळा उत्तरेचा, पिवळा पूर्वेचा.

बँकेत असताना दुकानासाठी कर्जाचा अर्ज आला, की मी आधी विचारी, "दारावरून माणसे किती जातात?" आपल्या कुळगाव-बदलापूरच्या स्टेशनाबाहेरचा भाजीवाला हे हिशेब न शिकताही जाणतो. संध्याकाळची लोकल उशिरा आली, की त्याची मेथी कोमेजते. टोरांटोच्या पेठेचे गिऱ्हाईक म्हणजे वरच्या कचेऱ्यांतले नोकरदार, दिवसाला दोन लाखांच्या घरात. म्हणून शनिवार-रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असत. २०२० मध्ये करोना आला, कचेऱ्या ओस पडल्या, आणि जमिनीखाली रोजच रविवार झाला. पुढे कचेऱ्या उघडल्या, पण अनेकांनी आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करणे पत्करले. भाडे तेच, गिऱ्हाईक अर्धे. छोट्या खानावळवाल्याने करायचे काय?

आपल्याकडे दिल्लीचा पालिका बाजार १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जमिनीखाली आहे. पण त्याच्या डोक्यावर कॅनॉट प्लेसचा साऱ्या जातीच्या माणसांचा राबता आहे, एकट्या बाबूलोकांचा नाही. मुंबईतही आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो २०२५ मध्ये पूर्ण झाली. उद्या तिच्या आसपास तळघरातल्या गाळ्यांच्या जाहिराती येतील, आणि बदलापूरचा एखादा तरुण निवृत्त वडिलांचा फंड त्यात घालायला निघेल. त्याने नकाशातली वातानुकूलित वाट जरूर पाहावी. पण त्याआधी दोन दिवस, त्यातला एक रविवार, तिथे उभे राहून माणसे मोजावीत.