विष प्यालेलें लांकूड आणि बुरशी

पावसांत उभा असलेला लांकडी खांब वर्षानुवर्षें कुजत नाहीं, याचें कारण बहुधा त्यांत भिनविलेलें विष होय. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत सोंटी कामेसम यांनीं १९३३ सालीं तांबें, क्रोमियम व सोमल यांच्या क्षारांचें मिश्रण सिद्ध केलें. दाबाखालीं तें लांकडांत भरलें, म्हणजे वाळवीचें व बुरशीचें कांहीं चालत नाहीं. ही युक्ति परदेशांतही रूढ झाली.

परंतु खांब मोडकळीस आल्यावर त्यांतील विषाचें काय करावयाचें? जाळला, तर कांहीं सोमल धुरावाटे पसरतो व उरलेला राखेंत राहतो. पुरला, तर मातींत पाझरतो. अमेरिकेंत २००३ च्या अखेरीस अशा लांकडाचा घरगुती वापर बहुतांशीं थांबविण्यांत आला. पण पूर्वीं वापरलेलें लांकूड उरलेंच.

गंमत अशी, कीं जिला दूर ठेवण्यासाठीं विष भरलें, त्या बुरशीच्याच कांहीं जाती येथें उपयोगी पडतात. त्या ऑक्झॅलिक अम्ल स्रवतात. तांब्याशीं त्याचा संयोग होऊन न विरघळणारा क्षार बनतो. म्हणून तांबें त्यांना बाधत नाहीं. तेंच अम्ल क्रोमियम व सोमल यांना लांकडापासून सोडवून पाण्यांत उतरवितें. कांद्याच्या सालीवर काळी भुकटी दिसते, तीही अशीच अम्ल करणारी बुरशी. तिच्या अम्लयुक्त द्रवांत लांकडाचा भुसा भिजवून सोमल काढण्याचे प्रयोग झाले आहेत.

मात्र एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. सोमलांतील विषारी अंश हें मूलद्रव्य आहे. कोणताही जीव त्याचा नाश करूं शकत नाहीं. बुरशी त्याला केवळ लांकडांतून पाण्यांत नेते, आणि मग त्या पाण्याची व्यवस्था मनुष्यानेंच लावावयाची. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांत मुरविलेल्या क्रिओसोट तेलाची गोष्ट वेगळी. त्याचे घटक मुख्यतः कार्बनाचे संयुक्त पदार्थ असल्यामुळें ते फोडतां येतात. लांकडाचें लिग्निन फोडणारी एक पांढरी बुरशी डी.डी.टी.सारखीं चिवट द्रव्येंही फोडते, असें १९८५ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञांनीं दाखविलें. क्रिओसोटाचे कांहीं घटकही तिच्यापुढें टिकत नाहींत. पण हें काम सावकाशीचें, आणि बहुधा अपुरें राहणारें.

तेव्हां बुरशी साह्य करील; परंतु आपलें काम ती पत्करणार नाहीं. जुन्या खांबाची हिरवट फळी हातीं आली, तर ती बंबांत वा शेकोटींत घालूं नका. लांकूड जळून जाईल, सोमल जळणार नाहीं.